पहिली ब, सोहार

शुक्रवारी शाळा बंद, तरी वॉचमननं किल्ली दिली.
डिकीत सव्वीस प्लास्टिकचे डबे,
पुठ्ठे, कात्री, आणि रात्रपाळी करून आलेला सुहास.
"घरातली कपाटं कधी इतकी लावली नाहीस," तो म्हणाला.
मी म्हटलं, "तू टेबल उचल."

सव्वीस खुर्च्या.
मोजताना अजून मराठीतच मोजते मी,
इतक्या वर्षांनी, ओठ न हलवता.
एसीच्या झोताखाली कुणी नको.
खिडकीशी तर नकोच, तिथून बंदरातल्या क्रेन दिसतात
आणि मग फळा दिसत नाही.
दाराशी निळी चिकटपट्टी : रांग इथून.
कोपऱ्यात गालिचा, रडायला.
तशी पाटी लावली नाही,
पहिल्याच दिवशी तिघांनी तो शोधून काढला.

खुंट्यांवर नावं : आयरिन, तौफीक, वेत्रिवेल, श्रीनंदा.
एका वडिलांचा फोन, नावात दोन ए आहेत मॅडम.
दुसरा ए बसवायला पुठ्ठा पुन्हा कापला.

नियम तीनच ठेवले.
एका वेळी एकानं बोलायचं.
पेन्सिलीला टोक घरून.
मी दोन टाळ्या दिल्या की तुम्ही तीन, आणि मग गप्प.
तिसऱ्या आठवड्यात जमलं,
इतकं, की बाहेर कुणी दार दोनदा आपटलं
तर अख्ख्या वर्गानं तीन टाळ्या दिल्या
आणि माझ्याकडे बघत राहिला.

फक्त शिबिल.
पेन्सिल दिली की दोन्ही हात मांड्यांखाली.
जाड पेन्सिल आणली, तिकोनी आणली, रबराची टोपी चढवली.
आयरिनशेजारी बसवला, माझ्याशेजारी, एकटा.
त्याची आई नर्स. फाटकाशी म्हणायची, घरी लिहितो तो,
आणि रस्त्याकडे बघायची.

शनिवारी रात्री वारा सुटला.
एक खिडकी उघडी राहिली होती. मीच ठेवली होती.
रविवारी वर्ग सगळा खाकी :
टेबलं, डबे, दुसरा ए, रडायचा गालिचा.
निळी पट्टी दिसतच नव्हती,
आणि मुलं तिच्यावर बरोबर उभी होती.

कुसुमा बादली घेऊन आली.
मी ओरडणार होते, कशालाही हात लावू नका,
तोंड उघडलंही होतं.
शिबिलचं बोट टेबलावर होतं.
एस. उलटा.
तळव्यानं पुसला.
पुन्हा एस. पुन्हा उलटा. पुसला.
तिसरा सरळ.

धूळपाटी.
हा शब्द मी डी.एड.च्या पेपरात लिहिला होता,
दोन गुणांची टीप, दीड मिळाला.
धुळाक्षरं म्हणजे असं बोटाखाली खरखरणारं काही असतं,
चुकलं तर कुठेच उरत नाही,
हे त्या टिपेत नव्हतं.

"दहा मिनिटं," मी कुसुमाला म्हटलं.
तिनं बादली ठेवली,
दाराजवळच्या टेबलावर स्वतःही काहीतरी लिहिलं,
गोल गोल, सिंहली. मी विचारलं नाही.
तोवर सगळा वर्ग टेबलांवर ओणवा.
वेत्रिवेलनं उंट काढला, तौफीकनं त्याला चाकं लावली.

कॉरिडॉरमधून सुपरवायझर बाईंच्या टाचा.
मी दोन टाळ्या दिल्या.
उलट तीन आल्या, पंचवीस जणांच्या.
सव्वीसाव्याचे हात कामात होते.

सोमवारी टेबलं लख्ख,
आणि पुन्हा हात मांड्यांखाली.

आज समुद्रावरून पिशवीभर वाळू आणली.
ओली आहे, मासळीचा वास मारते.
सुहास बाल्कनीत बसलाय, ड्युटीचे बूटसुद्धा न काढता,
माझ्या पिठाच्या चाळणीतून शिंपले वेगळे करतोय.
"बारीक हवी ना?" विचारतो.
बारीक, मी म्हणते. अजून बारीक.